एक मूल कमी

मी बालवाड्यांची मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या सभेत तिघा वक्त्यांनी सांगितलं की बाई कधी कुणाला घाबरल्या नाहीत. मी हातातल्या नारळाकडे बघत होते. खरं सांगायचं तर बालवाडीच्या कामात मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत भीतच होते. मुलांना हसवायचं, गाणी म्हणायची, टाळ्या वाजवायच्या, आणि डोळा सतत दारावर. हा धंदाच तसा आहे. बाहेरच्याला वाटतं, पोरं तर सांभाळायची, त्यात काय एवढं? माझ्या गावातल्या बायका तोंडावर विचारायच्या, "पोरां खेळवक सरकार पगार देता?"

तर आधी हे काम काय असतं ते सांगते. अडीच ते पाच-सहा वर्षांची मुलं सकाळी तीन-चार तास एका छपराखाली आणायची. त्यांची नखं, डोळे, डोकी बघायची. मातीकाम, गाणी, गोष्टी, शिंपल्या आणि चिंचोके मांडून मोजणं, मग सरकारी भुकटीचं दूध पाजून घरी सोडायचं. हे झालं वहीतलं काम. वहीत न येणारं काम एकच, मुलं मोजणं. बालसेविका गाता गाता मोजते, गोष्ट सांगताना मोजते, कुणाचं नाक पुसताना मोजते. आकडा बरोबर आला की पुढच्या मोजणीपर्यंत श्वास घ्यायला मोकळी.

मी मूळची वालावलची. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आम्ही सगळे रत्नागिरीत मोडत होतो, आणि पलीकडे गोव्यात पोर्तुगीज होते. मी सातवीची परीक्षा पास झाले आणि बालसेविकेच्या शिक्षणासाठी सावंतवाडीला गेले. घराबाहेर राहणारी आमच्या घरातली मी पहिली मुलगी. तिथं आम्हाला शिकवायला एक बाई होत्या, त्यांना सगळ्या अक्का म्हणत. अक्का आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांची भीती जास्त वाटे.

माझ्या पहिल्या पाठाच्या दिवशी मी खेळणी रंगवणाऱ्या चिताऱ्यांकडून एक लाकडी पोपट मागून आणला होता. मुलांपुढे धरून पुस्तकी भाषेत विचारलं, "मुलांनो, हा कोणता पक्षी आहे?" मुलं गप्प. एक मुलगा पुढे आला, पोपट हातात घेतला आणि म्हणाला, "ह्यो कीर." मी हसून म्हटलं, "नाही हं, हा पोपट." पोरानं ओठ काढला आणि भोकाड पसरलं. ते बघून आणखी चौघं रडायला लागली. माझा पाठ तिथंच बुडाला. संध्याकाळी अक्कांनी बोलावलं. मला वाटलं, घरी पाठवणार. त्या म्हणाल्या, "तो कीरच होता. त्याच्या घरचा पक्षी तू त्याच्या हातातून काढून घेतलास." मग निघताना आणखी एक वाक्य बोलल्या, "रडणारं मूल तुझ्याशी बोलत असतं. गप्प बसलेलं मूल असेल तिथं जास्त लक्ष ठेव." मी ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. लिहून घेतलेलं वेळेला आठवतंच असं नाही.

मला नेमणूक मिळाली ती मालवणच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, आणि ज्या मुलीबद्दल लिहितेय तिचं नावही बदलून शेवंती लिहिते. देवळालगतच्या पडवीत बालवाडी भरायची. पडवीतून उतरलं की माडांची बाग, बाग संपली की खाडी. ओहोटीला तिथं नुसता चिखल दिसायचा, भरतीला पाणी माडांच्या मुळांना लागायचं. मदतीला गंगाकाकी होत्या. घरोघर जाऊन मुलं आणणं, दूध कालवणं, पुन्हा घरी पोचवणं हे त्यांचं काम. पटावर तेवीस मुलं होती.

शेवंती त्यातली एक, चार वर्षांची. तिचा बाप मुंबईला बोटीवर खलाशी. आई जानकी घरी काथ्याचं सुंभ वळायची आणि मजुरीला जायची. शेवंती बालवाडीत एक अक्षर बोलत नसे. घरी बोलते असं जानकी सांगायची. अनोळखी माणूस पडवीत आलं की मात्र शेवंती अशी किंचाळायची की गुरं दावी तोडतील. तलाठी आले तेव्हा झालं, लस टोचणारा आला तेव्हा झालं.

तिथं मला दोन वर्षं होत आली. मला पुढं जायचं होतं. मुख्यसेविकेचं शिक्षण घ्यायचं, दहा-पंधरा बालवाड्या बघायच्या, नव्या मुलींना शिकवायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. त्यासाठी पर्यवेक्षिकेची शिफारस लागे. मी अर्ज केला आणि घरी कळवलं. वडिलांचं पत्र आलं, "शिफारस झाली तर पुढं शीक. नाही झाली तर वैशाखात लग्न उरकून टाकू." पत्र साधंच होतं, रागाचं नव्हतं. मला मात्र ते वाचून झोप लागेना.

पौषातल्या पुनवेला पर्यवेक्षिका इनामदारबाई येणार असल्याचं कळलं. घाटावरच्या, कडक शिस्तीच्या, शेरेबुकात लाल शाईनं लिहिणाऱ्या अशी त्यांची ख्याती होती. मी आठवडाभर पडवी सारवून घेत होते. मुलांकडून माशांचं गाणं घोटून घेतलं. सगळं जमलं होतं, फक्त शेवंतीची धास्ती होती. ती ओरडली की इतर मुलं बिथरणार, गाणं मोडणार, आणि माझा वैशाख ठरणार.

त्या सकाळी मी जे केलं ते आजवर लिहून काढलं नव्हतं. शेवंती आली तशी मी तिला बाजूला घेतलं, तिच्या दंडाला धरून खाली वाकले आणि म्हटलं, "आज एक मोठी बाई येतली. तू तिका दिसा नको. ती जायसर आवाज करू नको. समाजला?" मी ओरडले नाही. पण माझा चेहरा कसा असेल ते तिच्या डोळ्यांत दिसलं. मग मी गंगाकाकींना सांगितलं, हिला मागं चुलीपाशी घेऊन बसा.

साडेनऊच्या सुमाराला इनामदारबाई आल्या. पांढरं लुगडं, पायांत चामड्याच्या वहाणा, काखेत शेरेबुक. त्यांनी पट बघितला, मुलांची नखं बघितली, दुधाचं पातेलं उघडून वास घेतला. गंगाकाकींना त्यांनी चुलीपाशी उभं करून पातेलं कसं घासता, पाणी कुठलं वापरता असं बरंच विचारलं. मग त्या भिंतीशी चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "चालू द्या तुमचं. मी नाहीच असं समजा."

मी मुलांना गोलात बसवलं आणि सवयीनं मोजली. बावीस. चुलीकडे बघितलं. गंगाकाकी एकट्याच पेले पुसत होत्या.

तेवढ्यात इनामदारबाईंनी मान हलवून खूण केली, सुरू करा. आणि मी गाणं सुरू केलं.

मला कळलं होतं. एक मूल कमी आहे, कोणतं मूल कमी आहे, हे मला स्वच्छ कळलं होतं. तरी मी गात होते. माशांचं गाणं, त्यात दोन्ही हातांनी लाटा करून दाखवायच्या. मी लाटा करत होते आणि मनात म्हणत होते, असेल इथंच, खांबाआड असेल, देवळाच्या विहिरीला कठडा आहे, एवढं कडवं होऊ दे. एक कडवं झालं. दुसरं झालं. मुलं सुरेख म्हणत होती, कधी नव्हती इतकी सुरेख. इनामदारबाईंनी लाल शाईचं पेन उघडलं. तिसऱ्या कडव्यात मुलांनी हात वर केले आणि मला त्यांच्या हातांमधून बागेपलीकडची खाडी दिसली. पाणी चढत होतं. पुनवेची भरती आमच्याकडे दुपारच्या आतच भरते.

मी गाणं तोडलं. "बाई," मी म्हटलं, "माझं एक मूल नाही."

इनामदारबाई ताडकन उठल्या. "मुलं माझ्याजवळ राहतील. तुम्ही जा."

मी आणि गंगाकाकी धावलो. विहिरीत वाकून बघितलं. आत मला माझंच डोकं दिसलं. देवळाच्या मागं, गवताच्या उडवीत, माडांच्या आळ्यांत, सगळीकडे हाका मारल्या. उत्तर नाही. शेवंती बोलत नाही, तर हाकेला ओ कुठून देणार? गडीमाणसं समुद्रावर किंवा मळ्यांत गेलेली. मग खाडीच्या कडेला गंगाकाकींची किंकाळी ऐकू आली.

चिखलात पावलं उमटली होती. वीतभरही नसलेली पावलं, एकामागं एक, सरळ खाडीकडे गेलेली. परत आलेलं एकही पाऊल नव्हतं. ती पाण्यापर्यंत जात होती आणि पाण्यात नाहीशी होत होती. आम्ही बघत असतानाच पाणी आणखी पुढं आलं आणि शेवटचं पाऊल बुजलं.

गंगाकाकी तिथंच बसल्या आणि छाती बडवायला लागल्या. मी पाण्यात शिरले. मला पोहता येत नव्हतं, खाडीकाठच्या मुलींना त्या वेळी कुणी शिकवतही नसे. चिखल पाय ओढून घेत होता. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. पावलं ज्या रेषेत गेली होती त्याच रेषेत मी जात होते, पायांनी चाचपत. तळाशी पायाला काय लागेल याची मला भीती होती, आणि काही लागत नव्हतं याची जास्त भीती होती. पाणी छातीला लागलं तेव्हा समोर एक होडी दिसली. खुंटाला बांधलेली लहान होडी. ओहोटीला ती चिखलात बसलेली असायची, आता पाण्यावर उचलली जाऊन दोराला हिसके देत होती. माझ्या डोक्यात एकदम आलं, पावलं पाण्यात गेली नसतील, ती गेली तेव्हा इथं पाणी नव्हतं.

मी होडीचा काठ धरला. ती कलंडली. मी काठावरून आत बघितलं. आडव्या फळीखाली, तळाच्या पाण्यात, गुडघे पोटाशी घेऊन शेवंती बसली होती. दोन्ही हातांनी तिनं स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

मला बघून ती आणखी आत सरकली. होडी पुन्हा कलंडली. मी तिला ओढायला गेले असते तर आम्ही दोघी पाण्यात गेलो असतो. मी म्हटलं, "शेवंती, ये गो. घराक जाऊया." ती हलेना. माझे दात वाजत होते. खूप वेळानं, निदान मला खूप वेळ वाटला, तिनं तोंडावरचा एक हात काढला आणि अगदी हळू विचारलं, "ती मोठी बाई गेली?"

बालवाडीतल्या कुणाशी ती बोलली ते हे पहिलं वाक्य.

मी "गेली" म्हटलं. ते खोटं होतं. तिनं हात पुढं केले. मी तिला खांद्यावर घेतलं, एका हातानं दोर धरून खुंटापर्यंत आले आणि तिथून काठाला. गंगाकाकी पुढं येऊन आम्हाला ओढत होत्या. बागेच्या कडेला इनामदारबाई बावीस मुलांना एकमेकांचे हात धरायला लावून उभ्या होत्या. शेवंतीनं त्यांना बघितलं. ती ओरडली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

मुलं घरी गेल्यावर मी ओल्या लुगड्यातच इनामदारबाईंपुढे उभी राहिले. त्यांनी शेरेबुक उघडलं होतं. "पोहता येत नसताना तुम्ही पाण्यात उतरलात," त्या म्हणाल्या. "हे मी लिहिणार आहे. मूल हरवणं कुणाच्याही हातून होईल. वेळीच लक्षात आलं तुमच्या."

मला गप्प बसता आलं असतं. कुणालाच काही कळलं नसतं. वडिलांचं पत्र पेटीत होतं.

"बाई, वेळीच नाही," मी म्हटलं. "गाणं सुरू करायच्या आधीच मला कळलं होतं."

त्यांनी पेन थांबवलं. "मग गायलात कशाला?"

"तुम्ही बसला होतात म्हणून." आणि मग सकाळी शेवंतीला काय सांगितलं तेही मी सांगून टाकलं.

इनामदारबाईंनी पेनाला टोपण लावलं. "मला घाबरून," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "या वर्षी मी शिफारस करू शकत नाही."

"हो."

"आणि मला सांगून भागलं नाही. तिच्या आईला सांगा. ते काम मी करणार नाही, तुमचं आहे."

जानकी त्या दिवशी मजुरीला खाडीपलीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. नोकरीत पुढं मंत्र्यांपुढे बोलले, मोर्च्यापुढे उभी राहिले, पण त्या पायवाटेइतकी लांब वाट मी कधी चालले नाही. जानकी अंगणात सुंभ वळत बसली होती. मला बघून उठली. "येवा बाईनू, बसा. तुमी माज्या चेडवाक वाचवलास." तिनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मी पाण्याला हात लावला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं.

तिचे हात वळता वळता थांबले. "तुका कळला होता," ती म्हणाली, "आणि तू गाणा म्हणत रवलंस?"

"होय."

एका वाक्यात मी बाईनूची तू झाले होते. ती रडली नाही, ओरडली नाही. काथ्या पुन्हा हातात घेतला आणि म्हणाली, "जा तू."

चार दिवस शेवंती आली नाही. इतर मुलंही निम्मीच येत होती. गावात बातमी पसरली होती. बहुधा माझ्या सांगण्यानंच, कारण विचारील त्याला मी खरं सांगत होते. मी वडिलांनाही लिहून कळवलं. ते पत्र मिळताच स्वतः आले. पडवीच्या पायरीवर बसून सगळं ऐकलं, पान खाल्लं आणि म्हणाले, "वैशाखात नको तर नको. आदी ह्यां निस्तर. मगे बघूया."

पाचव्या दिवशी जानकी शेवंतीला घेऊन आली. काखेत काथ्याचं गाठोडं होतं. "मी हयसर बसतलंय," ती म्हणाली आणि पडवीच्या दारातच बसली. शेवंती तिला टेकून बसली. जानकी सुंभ वळत होती, पण डोळे हातांवर नव्हते. मुलीवरही नव्हते. माझ्यावर होते.

ती महिनाभर बसली. रोज, मुलं घरी जाईपर्यंत. अक्कांपुढचा पाठ किंवा इनामदारबाईंची तपासणी यांतलं काहीही त्या नजरेपुढं मला मोठं वाटलं नाही. गाणं चुकलं तर चालेल, मूल नजरेआड व्हायला नको, हे त्या महिन्यात माझ्या अंगात मुरलं. मी पाठ मांडायचा सोडला आणि मुलांमध्ये बसायला लागले. गप्प मुलांजवळ आधी. एकदा मी गोष्ट सांगत असताना जानकी दारातून म्हणाली, "ता पोर थकला हा. तेका निजव." मी निजवलं. त्याला ताप होता. आणखी एकदा म्हणाली, "तुज्या गाण्यातले मासे हयसर खंय आसत? तारले म्हण, पेडवे म्हण." मी तसं म्हटलं आणि शेवंती आईच्या कुशीतून हसली.

पुढल्या वर्षी माझी शिफारस झाली. निवडीच्या वेळी विचारलं, गेल्या वर्षभरात नवीन कोणतं शिक्षण घेतलंत? मी सांगितलं, एक बाई महिनाभर माझ्या दारात बसली होती. समोरचे हसले. एकट्या इनामदारबाई हसल्या नाहीत. पुढं मी मुख्यसेविका झाले, जिल्हाभर हिंडले, तळेऱ्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या कितीतरी मुलींना हे काम शिकवलं. तपासणीला कधी कळवून गेले नाही आणि गेल्यावर भिंतीशी बसून वहीत लिहिलं नाही. तरी एखादी मुलगी मला बघून गळाठायची, आणि मग मला तिच्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

पण मला शेवटी सांगायची आहे ती त्या महिन्यानंतरची एक सकाळ. शेवंती दारात एकटीच उभी होती.

"आवस खंय गो?" मी विचारलं.

"कुळथाच्या मळ्यात गेली. आज येवची नाय. उद्या पण येवची नाय."

"मग तुका कोणी आणला?"

"मीच इलंय."

ती आत जाऊन गोलात बसली. मी दाराशी गेले. जानकीची जागा रिकामी होती. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी खाडीत छातीभर पाण्यात वाटली होती तशीच भीती वाटली. काल माझं काही चुकलं असतं तर बघायला कुणीतरी होतं. आता कुणी नव्हतं, आणि जानकीनं हे समजूनच केलं होतं.

बाराला मुलं सुटली तेव्हा मी गंगाकाकींना म्हटलं, हिला मी पोचवते. बागेतून निघालो तर शेवंतीनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला. "माका वाट म्हायत आसा," म्हणाली आणि पुढं चालायला लागली. मी दहा पावलं अंतर ठेवून मागं गेले. तिच्या घराच्या बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत. ती बेड्यातून आत शिरली, मागं वळली आणि मी अजून उभी आहे असं बघून तिनं हात हलवला.

"बाई, जा आता," ती म्हणाली. "मी पोचलंय."